दवाखान्यात डॉक्टरखेरीज कोण कोण असते?

बारावीचा निकाल आणि पाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला, की दवाखान्यात रुग्णांबरोबर पालकांचीही ये-जा वाढते. “पोरीला बारावीला चांगले मार्क आहेत, पण नीटमध्ये नंबर लागत नाही. आता काय करावे?” हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. एखादा बाप शेत विकून खासगी कॉलेजात घालण्याच्या गोष्टी करतो, तर एखादा म्हणतो, “जाऊ द्या, बी.ए.ला टाकतो आणि स्थळ बघतो.” या दोन टोकांच्या मध्ये आरोग्यसेवेची बरीच मोठी दुनिया आहे, तिची माहिती आपल्याकडे फारच थोड्या घरांत पोचते. वाचकहो, आजच्या लेखात कुठलाही आजार नाही. पण उद्या आपल्या उपकेंद्रात सलाईन लावायला कोणी असेल की नसेल, हे या विषयावरच अवलंबून आहे.

आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचेच उदाहरण घ्या. साधारण तीस खाटांचे हे रुग्णालय. तेथे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. बाकी सारे काम चालते ते अधिपरिचारिका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांच्या बळावर. खाली प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात उतरलो, तर डॉक्टरांचे प्रमाण आणखी घटते. सपाटीवर सुमारे पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. या उपकेंद्राचा कणा म्हणजे एएनएम, आपण जिला ‘नर्सबाई’ म्हणतो ती. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, साथीच्या वेळी घरोघरच्या भेटी, हे सगळे तिच्याच अंगावर.

गावचेच माणूस का हवे?

बाहेरून आलेला कर्मचारी बदलीच्या अर्जासह रुजू होतो, ही तक्रार आपण नेहमी करतो. त्यात त्याचा दोष थोडाच. मुलांची शाळा, घरभाडे, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, अशा अडचणी त्याला असतात. पण ज्या मुलीचे माहेर किंवा सासर पाच कोसांवर आहे, तिला हेच गाव घर असते. हे केवळ माझे मत नाही. दुर्गम भागात कर्मचारी टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली शिफारशी काढल्या आणि २०२१ साली त्या सुधारून पुन्हा दिल्या. त्यात एक महत्त्वाची शिफारस अशी, की वैद्यकीय व परिचर्या शिक्षणाला ग्रामीण भागातली मुले जास्त घ्या. खेड्यात वाढलेले मूल शिकून पुन्हा खेड्यात काम करण्याचा संभव जास्त, असा जगभरचा अनुभव आहे.

जपानने हे १९७२ साली ओळखले. तेथे जिची नावाचे वैद्यकीय विद्यापीठ निघाले. प्रत्येक प्रांतातून मुले निवडायची, शिक्षणाचा खर्च उचलायचा, आणि त्या बदल्यात त्यांनी आपापल्या प्रांतात साधारण नऊ वर्षे नोकरी करायची, असा करार. दक्षिण आफ्रिकेतले उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या इंग्वावुमा या आडगावी मोसवोल्ड नावाचे रुग्णालय आहे. तेथे डॉक्टर-नर्स टिकत नसत. १९९९ च्या सुमारास रुग्णालयातल्याच मंडळींनी ठरवले, की आपल्याच परिसरातल्या शाळांतली मुले शिकवून तयार करायची. शिष्यवृत्ती हवी असेल त्या मुलाने आधी रुग्णालयात काही दिवस फुकट काम करून पाहायचे, शिक्षण चालू असताना सुटीत तेथेच येऊन हाताखाली राबायचे, आणि जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे परत येऊन नोकरी करायची. यातून डॉक्टरच नव्हे, तर परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते, सगळ्या प्रकारचे लोक तयार झाले. यात अवघड असे काय आहे? आपल्या तालुक्याला हे जमणार नाही असे मला तरी वाटत नाही.

आणि परदेशात कशाला जायचे? डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. तेव्हा दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत, शिकलेली नर्स खेड्यात राहायला तयार नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्या बायका पुढे गावच्या बाळंतपणाला हक्काने बोलावल्या जाऊ लागल्या. या बायका ठरावीक दिवशी जामखेडला जमत, मुक्काम करीत, आपापल्या गावचे अनुभव एकमेकींना सांगत आणि त्यातूनच शिकत. एकदा शिकवून सोडून दिले असे नव्हते. वर्षानुवर्षे शिकवणे चालूच राहिले, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे.

गडचिरोलीला डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळाचे श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळप्रसंगी घरीच इंजेक्शन देणे, इथपर्यंत त्यांची तयारी झाली. तेथील अर्भकमृत्यू कसे घटले याचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांना ते खरे वाटायला वेळ लागला. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशांना बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचे जे काम दिले गेले, त्याचे मूळ गडचिरोलीत आहे.

सांगायचे एवढेच, की खेड्यातल्या माणसाला हे काम जमत नाही, हा समज आपल्याच मातीने खोटा ठरवलेला आहे.

पहिली पायरी : आशा

आशा ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. ती त्याच गावात राहणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण २५ ते ४५ वयाची असावी. शिक्षणाची अट पूर्वी आठवीची होती, आता दहावी झालेलीला पसंती मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. गौरव झाला, पण आशा ही अजूनही पगारी नोकर नव्हे. तिला कामावर आधारित मोबदला मिळतो, तोही वेळेवर मिळतोच असे नाही. २०२३ साली आपल्या राज्यातल्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. त्यामुळे “सरकारी नोकरी लागली” अशा समजुतीने कोणी आशा होऊ नये. मात्र घर सांभाळून आरोग्याचे काम शिकायचे असेल, तर ही उत्तम शाळा आहे.

माझे आशाताईंना एक सांगणे आहे. तुम्ही बारावी झालेल्या असाल आणि वय पस्तिशीच्या आत असेल, तर एएनएमचा विचार आजच करा. या अभ्यासक्रमाला वयाची वरची मर्यादा ३५ आहे. “मुले जरा मोठी होऊ देत, मग बघू” असे म्हणता म्हणता ती मर्यादा ओलांडली जाते.

नर्सिंगची शिडी

आता ज्याला आपण सरसकट ‘नर्सिंग’ म्हणतो, त्यात तीन निरनिराळ्या वाटा आहेत. पालकांचा सगळ्यात जास्त घोटाळा येथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तो फक्त मुलींसाठी आहे. बारावी कला शाखेची मुलगीही त्याला जाऊ शकते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वयाची अट १७ पूर्ण ते ३५. हा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली, की जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका पदासाठी अर्ज करता येतो.

जीएनएम तीन वर्षांचा. त्यालाही कुठल्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय असावा आणि किमान ४० टक्के गुण असावेत. विज्ञानाच्या मुलांना पसंती असते. यात मुलांनाही प्रवेश आहे. रुग्णालयातली अधिपरिचारिका किंवा स्टाफ नर्स होण्याचा हा जुना, खात्रीचा मार्ग.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. याला मात्र बारावी विज्ञान आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे विषय लागतात. खुल्या वर्गाला या विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. आपल्या राज्यात या प्रवेशासाठी सीईटी कक्षाची परीक्षा होते. एएनएम-जीएनएमच्या प्रवेशाचे नियमही बदलत असतात, तेव्हा गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला कसा प्रवेश मिळाला यावर विसंबू नका, त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा.

मी याला शिडी म्हणतो ते एका कारणाने. एएनएम झालेल्या मुलीला पुढे जीएनएम करता येते आणि तेव्हा तिला वयाची आडकाठी राहत नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतो. त्यापुढे एम.एस्सी. आहे, अध्यापन आहे. म्हणजे आज घरची परिस्थिती नाही म्हणून जी मुलगी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेली, ती कायमची तेथेच अडकली असे होत नाही. नोकरी करून, चार पैसे गाठीला बांधून ती वर चढू शकते. एकदम वरच्या पायरीवर उडी मारता आली नाही म्हणून शिडीच सोडून देणे, हा आपल्याकडचा रोग आहे.

शिवाय २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले (आता त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात), आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद पदवीधर किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना यात संधी असते. नेमणूक कंत्राटी आहे हे लक्षात ठेवावे. पण रक्तदाब, मधुमेह यांच्या रुग्णांना गावातच तपासणारे हे पद महत्त्वाचे आहे, आणि एका नर्सला स्वतंत्रपणे काम करण्याची अशी संधी पूर्वी नव्हती.

मुलग्यांचे काय?

“नर्सिंग म्हणजे बायकांचे काम” असे म्हणणाऱ्यांनी एकदा अपघात विभागात रात्री दोन वाजता उभे राहून पाहावे. बेशुद्ध पडलेला नव्वद किलोचा माणूस उचलायचा असतो तेव्हा पुरुष परिचारक असला की सगळ्यांनाच हायसे वाटते. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही मुलांना खुले आहेत.

याखेरीज जिल्हा परिषदेत पुरुष आरोग्यसेवक हे पद असते. हिवतापाच्या फवारणीवर ज्यांनी हंगामी कामगार म्हणून ९० दिवस काम केले आहे, त्यांच्यासाठी या भरतीत वेगळा वाटा ठेवलेला असतो. गावातली कित्येक मुले फवारणीला जातात, मजुरी घेतात आणि दाखला घ्यायला विसरतात. तो दाखला जपून ठेवावा.

औषधनिर्माणशास्त्राची पदविका, म्हणजे डी.फार्मसी, दोन वर्षांची. बारावी विज्ञान हवे, मग जीवशास्त्र असो की गणित. त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि फार्मसी परिषदेची नोंदणी. येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. परवाना मिळाला की तो दुसऱ्याच्या मेडिकल दुकानाला महिन्याच्या ठरावीक रकमेवर ‘लावून’ स्वतः भलतेच काम करणारे तरुण पुष्कळ दिसतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय गावाच्या जिवाशी खेळ आहे. काउंटरवर बसलेल्या न शिकलेल्या पोराने चुकीची गोळी दिली तर भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाव तुमचे असते.

प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस यांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही तो चालतो, तेथे शुल्क आवाक्यातले असते. मात्र ‘लॅब टाकायची’ म्हणून या वाटेला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की रक्त-लघवीच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञाला काम भरपूर आहे, पण स्वतंत्र दुकान थाटण्याचे स्वप्न घेऊन येऊ नये.

डॉक्टरच व्हायचे असेल तर

त्याचीही वाट बंद नाही. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते. पण पुढचे शिक्षण इंग्रजीतच असल्याने मुलाने अकरावीपासून इंग्रजी संज्ञांची सवय लावून घेतलेली बरी. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने निघालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे खेड्यासाठीच उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थ्यांना गाव दत्तक दिले जाते, कुटुंबे नेमून दिली जातात. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या प्रकल्पाच्या शाळेतून माडिया समाजातली मुले शिकून डॉक्टर झाली आहेत. शिकवणीच्या लाखोंच्या फीला घाबरलेल्या हुशार मुलांसाठी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम सुरू केला. डॉक्टर होऊ घातलेली पोरेच गरीब मुलांकडून नीटची तयारी करून घेतात. असा उपक्रम प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी का असू नये?

तरीही पालकांना माझे स्पष्ट सांगणे आहे, की तीन-तीन, चार-चार वेळा नीट देत वर्षे घालवू नका. दुसऱ्या प्रयत्नात गुण कुठवर पोचले ते प्रामाणिकपणे पाहा. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलाला बी.एस्सी. नर्सिंगमध्ये तेच विषय, तोच रुग्ण आणि तेच रुग्णालय मिळते.

फसवणुकीचा बाजार

“सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरीची हमी”, अशा पाट्या आता तालुक्याच्या बसस्थानकाबाहेरही लागल्या आहेत. दहावी झालेल्या मुली तेथे भरती होतात, आईच्या अंगावरचे डोरले मोडून फी भरली जाते, पांढरा गणवेश मिळतो, आणि शेवटी हातात येते एक रंगीत कागद. त्यावर ना परिचर्या परिषद, ना शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, ना विद्यापीठ. अशी मुलगी खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पैशांवर ‘सिस्टर’ म्हणून राबते आणि सरकारी भरतीत अर्ज करायला गेली की तिला कळते, आपली नोंदणीच होऊ शकत नाही. तिची उमेदीची वर्षे गेलेली असतात.

तेव्हा प्रवेशापूर्वी एवढे विचारा. या संस्थेची यंदाची मान्यता कुणाची आहे, आणि त्या परिषदेच्या किंवा मंडळाच्या यादीत संस्थेचे नाव आहे का? मुलींना प्रत्यक्ष काम शिकवायला रुग्णालय कोणते, त्यात खाटा किती, आणि त्या भरलेल्या असतात का? गेल्या तुकडीतल्या दोन मुलींची नोंदणी झाली आहे का? त्या मुलींशी स्वतः बोला. संस्थाचालकाने चहा पाजून गोड बोलून वेळ मारून नेली, तर तेथून उठा. फीची पावती हातात घेतल्याशिवाय पैसा देऊ नका.

रात्रपाळी आणि लग्न

मुलींच्या बाबतीत खरा अडसर पैशाचा नसतो, तो घरातल्या आजी-काकांच्या बोलण्याचा असतो. “रात्री बाहेर राहणार, परक्या पुरुषांना हात लावणार, हिला करील कोण?” असे म्हणणाऱ्या घरातलेच कोणी आजारी पडले, की हेच लोक ‘सिस्टर, जरा बघा ना’ म्हणून मागे लागतात! वसतिगृह कसे आहे, रात्रपाळीला ने-आण आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे आणि ते विचारलेच पाहिजे. पण या विचारण्याचा शेवट नकारातच व्हायला हवा असे नाही. आता तर नर्स मुलगी करून घ्यायला स्थळे स्वतःहून येतात. पगार दिसतो ना.

मात्र सगळे गोड आहे असेही नाही. काम दगदगीचे आहे. रुग्ण दगावला की नातेवाइकांचा राग पहिल्यांदा नर्सवर निघतो. रक्त, पू, दुर्गंध यांची किळस येणाऱ्याचे हे काम नव्हे. म्हणूनच मोसवोल्डची ती रीत मला पटते. आधी चार दिवस पाहा, मग ठरवा. आपल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी नववी-दहावीची वीस-वीस मुले प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवस न्यावीत. लसीकरणाचा दिवस त्याला उत्तम. शीतसाखळीचे फ्रीज, सूक्ष्मदर्शकाखालचा हिवतापाचा जंतू, औषधांची नोंदवही हे मुलांना पाहू द्यावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवले तर ते नाही म्हणत नाहीत. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवेळी पुढारीच कशाला बोलवायचा? एखाद्या वर्षी गावची आरोग्यसेविका पाहुणी म्हणून बोलवा, ती कशी शिकली हे तिच्याच तोंडून मुलींना ऐकू द्या.

कागदपत्रे

शेवटी कागदांविषयी, कारण दरवर्षी गुण असूनही कागदांपायी प्रवेश हुकतात. राखीव प्रवर्गातील मुलांनी जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करावा. बारावीनंतर धावपळ केली तर ते वेळेत हाती पडेलच असे नाही. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर, आणि आधारशी जोडलेले मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार ठेवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावे लागतात. २०२४ सालच्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. तेव्हा आपण निवडलेला अभ्यासक्रम आणि कॉलेज या सवलतीत बसते का, हे फी भरण्यापूर्वी कॉलेजच्या कचेरीत लेखी विचारून घ्यावे. आणि प्रत्येक मूळ कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स काढून घरच्या ट्रंकेत वेगळ्या ठेवाव्यात.